अडलेला लॅपटॉप

परवां ओरोस येथें आमच्या नातीचा लॅपटॉप विंडोजच्या अपडेटनंतर सुरूच होईना. "आजोबानू, माजा सगळा गेला!" म्हणून ती रडूं लागली. परंतु यंत्र अडलें म्हणजे आंतील लेखन नष्ट झालें, असें नव्हे. १९ जुलै २०२४ रोजीं एका संरक्षक प्रणालीच्या सदोष अपडेटमुळें जगांतील सुमारें ८५ लक्ष विंडोज-संगणक असेच अडले. ती फाईल काढतांच बहुतेक पूर्ववत् चालूं लागले.

यंत्र सुरू होत असतां बटण दाबून धरून दोन-तीनदां बंद करावें, म्हणजे दुरुस्तीचे पर्याय दिसतात. त्यांत 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडावें. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली लागण्याचा संभव असतो; ती आधींच वहींत उतरून ठेवावी. 'रीसेट' हा मात्र शेवटचा उपाय. नातीचा प्रबंध सायंकाळीं जसाच्या तसा उघडला.