कुंठित काय झाले?

प्रगती थांबल्याचे सांगणारी क्रियापदे मराठीत थोडीथोडकी नाहीत. परंतु ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पाण्याअभावी तुरीचे रोप खुंटते, ते रखडत नाही. रस्त्याचे काम रखडते, ते खुंटत नाही. खुंटते ती सजीवाची आतली वाढ. संवादही खुंटतो, कारण भाषेने त्यालाही जिवंत मानले आहे. ‘काम रखडले’ म्हणताना मात्र दोषी कोण हे सांगितले नाही, तरी ऐकणारा ‘कोणामुळे?’ असे विचारल्यावाचून राहत नाही.

शासकीय मराठीने या दोन्ही शब्दांना बगल देऊन ‘कुंठितता’ स्वीकारली. वर्षानुवर्षे पदोन्नतीची संधी न मिळालेल्या कर्मचाऱ्याच्या अवस्थेचे हे नाव. ती घालविण्यासाठी महाराष्ट्र शासनाने गट क व गट ड मधील कर्मचाऱ्यांना 12 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी देण्याची योजना 1 ऑक्टोबर 1994 पासून लागू केली. 2001 मध्ये ‘सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना’ आली. 2019 मध्ये तिचे टप्पे 10, 20 आणि 30 वर्षांचे झाले.

या शब्दाची निवड बहुधा केवळ तो भारदस्त वाटतो म्हणून झाली असावी. पण ‘कुंठ’ म्हणजे बोथट. शस्त्र कुंठित होते ते कठीण वस्तूवर आदळून. मती कुंठित होते ती न सुटणाऱ्या प्रश्नापुढे. (जेथे काहीच कुंठित होत नाही ते वैकुंठ, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात; कचेरीत तिचा उपयोग नाही.) म्हणजे मुळात ज्याला धार असते, तेच कुंठित होऊ शकते. लिपिकाला ‘कुंठित’ म्हणताना शासनाने नकळत एक कबुली दिली आहे: हा मनुष्य नोकरीत आला तेव्हा बोथट नव्हता.

वरिष्ठ वेतनश्रेणी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते तीवर चालतात, आणि ती मिळविण्यासाठी कर्मचाऱ्यांनी दीर्घकाळ आग्रह धरला तो रास्तच होता. तथापि योजनेच्या नावातली ‘प्रगती’ वेतनाची आहे, कामाची नव्हे. वरची श्रेणी मंजूर झालेला लिपिक दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टेबलाशी बसतो आणि तीच आवक-जावक नोंदवही उघडतो.