नगरीचे पतन : एका नभोनाट्याचा परिचय

राजधानीच्या गतवैभवावरील श्रुतिका म्हटली की कानांत नौबत, घोड्यांच्या टापा आणि जयजयकार घुमू लागतो. आकाशवाणीवर अशा श्रुतिका आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. परंतु राजधानीचा इतिहास केवळ अभिमानासाठी नसतो, तो सावध होण्यासाठीही असतो. हे सांगणाऱ्या एका अमेरिकन नभोनाट्याचा परिचय विद्यार्थी मित्रांना व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांचे ‘द फॉल ऑफ द सिटी’ हे अर्ध्या तासाचे काव्यनाट्य ११ एप्रिल १९३७ रोजी सीबीएस नभोवाणीवरून प्रसारित झाले. निवेदक होते २१ वर्षांचे ऑर्सन वेल्स. गर्दीचा आवाज खरा वाटावा म्हणून न्यूयॉर्कमधील एका रेजिमेंटच्या प्रशस्त कवायत-भवनात सुमारे २०० जणांचा जमाव उभा केला होता.

नाटकातील नगरीला नाव नाही. पण तिचे मूळ अ‍ॅझटेकांच्या राजधानीत, टेनोच्टिटलानमध्ये आहे. तलावातील बेटावर वसलेली, बांधरस्त्यांनी काठाला जोडलेली ही समृद्ध नगरी. आजचे मेक्सिको शहर तिच्याच अवशेषांवर उभे आहे. तेथील सम्राट मोक्तेझुमाची मृत बहीण थडग्यातून उठली व तिने संकटाची सूचना दिली, अशी दंतकथा आहे. नाटकाचा आरंभ अशाच प्रसंगाने होतो. विजेता येत असल्याची वार्ता दूत आणतात. वक्ता म्हणतो, प्रतिकार नको. पुरोहित म्हणतात, देवांकडे वळा. सेनापती म्हणतो, लढा. लोक मात्र शस्त्रे टाकतात व विजेत्यापुढे तोंड झाकून लोटांगण घालतात. तो शिरस्त्राणाची झडप उचलतो, तर चिलखत रिकामे! आत कोणीच नाही. हे फक्त निवेदकाला दिसते. लोक मान वर करून पाहतच नाहीत. उलट, आपल्याला धनी मिळाला म्हणून जल्लोष करतात.

येथेच नभोवाणीचे सामर्थ्य कळते. रंगमंचावर रिकामे चिलखत दाखवावे लागले असते. येथे एका निवेदकाचा शब्द तेवढा आहे आणि तो ऐकताना प्रत्येक श्रोत्याला ती पोकळी स्वतःच्या मनात पाहावी लागते. त्या काळी निवेदकाच्याच आवाजात बातम्या ऐकण्याची लोकांना सवय होती. त्यामुळे काल्पनिक नगरीचे पतनही आजची वार्ता वाटे.

आणि ते वार्ता ठरलेही. वर्ष उलटण्यापूर्वीच, मार्च १९३८ मध्ये हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. प्रतिकार झाला नाही आणि राजधानी व्हिएन्नात प्रचंड जमावाने त्याचा जयजयकार केला.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. नाटक म्हणजे इतिहास नव्हे. प्रत्यक्ष टेनोच्टिटलान विनाप्रतिकार पडले नाही. देवीच्या साथीने आधीच पोखरलेल्या त्या नगरीने कोर्तेस व त्याच्या हजारो स्थानिक मित्रसैनिकांचा वेढा सुमारे अडीच महिने झुंजून सोसला. १३ ऑगस्ट १५२१ रोजी ती पडली. कवीने तिची भविष्यवाणी घेतली, झुंज घेतली नाही. कारण त्याला स्वतःच्या काळातील माणसांविषयी बोलायचे होते.

म्हणून आम्हांस वाटते, राजधान्यांच्या इतिहासात तटबंदीची उंची जरूर मोजावी. पण तिच्या आतील माणसे मान वर करून पाहत होती की नाही, हेही विचारावे. तट पडला तर पुन्हा बांधता येतो. पाहण्याची सवय गेली, तर शत्रूला तट पाडण्याचीही गरज उरत नाही.