गाडी महाराष्ट्राची, रोजगार कोणाचा?

बीडमध्ये विजेची मोटार घेणाऱ्याला आम्ही सांगू, चाकणची महिंद्रा घ्या, नाहीतर रांजणगावची टाटा. पैसा महाराष्ट्रात राहील. पण महाराष्ट्रात म्हणजे कुठे? पुणे जिल्ह्यात! ऊस तोडायला आमची माणसे कोयता घेऊन तिकडेच जातात, आता मोटारीचा पैसाही तिकडेच.

फ्रान्सने 2024 पासून अनुदानाला अट घातली, गाडी बनवताना किती प्रदूषण झाले ते पाहायचे. चीनमध्ये बनलेल्या कित्येक गाड्या बाद झाल्या. आमच्या सरकारने 2025 च्या धोरणात विजेच्या मोटारींना समृद्धीवर टोलमाफी दिली. (समृद्धी बीडमधून जात नाही, ही गोष्ट वेगळी.) मग कारखानदाराला सवलत देतानाही अट घाला. ऊसतोड मजुराच्या आयटीआय झालेल्या पोराला त्या कारखान्यात कायम नोकरी द्या, आणि बॅटरीची दुरुस्ती बीडमध्येच होऊ द्या.