ट्रॅक्टरच्या सुकाणूची नळी वारंवार का फुटते?

ट्रॅक्टरच्या पोलादी सांगाड्यात रबराचा वाटा तसा थोडाच. टायर, पंख्याचा पट्टा, काही चकत्या आणि काही नळ्या, एवढाच. परंतु यंत्र जुने होऊ लागले म्हणजे त्याची तक्रार बहुधा याच भागांतून प्रथम कानावर येते. वीस-बावीस वर्षे राबलेला एक छोटा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. द्राक्षवेलींच्या दोन ओळींमधून, संत्र्याच्या झाडांखालून किंवा भाताच्या लहानशा खाचरातून सहज वळावा, इतकाच त्याचा आकार. एंजिन ठणठणीत, गिअर ठीक. पण सुकाणूला तेल पोचविणारी एक नळी फुटते. ती बदलतात. चार महिन्यांनी ती पुन्हा फुटते. ऐन पेरणीत ती तिसऱ्यांदा फुटली म्हणजे मालक दुकानदाराला दोष देतो आणि दुकानदार कारखान्याला. क्वचित तो दोष खराही असतो. परंतु एकच नळी एकाच जागी तीनदा फुटत असेल, तर बिघाड नळीच्या बाहेर कोठेतरी आहे असे धरून शोधाला लागावे, हे बरे. तो शोध कसा करावयाचा, हे समजण्यासाठी आधी नळीवर काय ओढवते ते पाहिले पाहिजे.

सुकाणूचक्र हाताच्या जोराने फिरवावयाचे आणि दांड्यांच्या साहाय्याने पुढील चाके वळवावयाची, ही जुनी रीत. नांगरलेल्या मऊ जमिनीत याला किती बळ लागते, ते जुने ट्रॅक्टरचालक सांगतील. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२०च्या दशकात तेलाच्या दाबाने चाके वळविण्याची रचना मोटारीवर बसवून दाखविली. १९५१ साली क्रायस्लर इंपीरियल ही मोटार अशा सुकाणूसह बाजारात आली आणि पुढे ही सोय शेतातही उतरली. कारागिरांच्या बोलीत तिला ‘पॉवर स्टिअरिंग’ म्हणतात.

तिची मांडणी अवघड नाही. एंजिनाने फिरणारा एक लहान पंप टाकीतून तेल ओढतो आणि सुकाणूचक्राखालील झडपेकडे ढकलतो. चक्र उजवीकडे फिरविले की झडप ते तेल पुढील आसावरील सिलिंडरच्या एका बाजूस सोडते, डावीकडे फिरविले की दुसऱ्या. सिलिंडरातील दट्ट्या सरकतो आणि चाके वळतात. काम झालेले तेल परतीच्या नळीने टाकीत येते. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांत चक्र आणि चाके यांच्यामध्ये एकही लोखंडी दांडा नसतो. दुवा असतो तो फक्त तेलाचा. म्हणून सिलिंडरची नळी फुटणे म्हणजे केवळ तेल सांडणे नव्हे. चक्र हातात राहते आणि चाके आपल्या मर्जीने जातात. अशा वेळी ब्रेक लावून थांबण्यावाचून चालकापाशी दुसरा उपाय नसतो, आणि ट्रॅक्टर त्या क्षणी बांधावर आहे की रस्त्यावर, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

आता थोडे गणित करू. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम शाळेत शिकविला जातो. आपल्या ट्रॅक्टरात तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅम चढतो असे धरा. दट्ट्याचा व्यास ४ सेंटिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस सेंटिमीटर होते आणि त्यावर सव्वा टनाचा रेटा येतो. बोटांनी फिरविलेल्या चक्रामागे हे बळ उभे असते. पण नियम पक्षपात करीत नाही. हाच दाब नळीच्या आतूनही रेटा देतो. नळीचे भोक १ सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर तिच्या टोकाचा जोड उपटून काढू पाहणारे बळ जवळजवळ ७८ किलोग्रॅम भरते. एखादा भक्कम माणूस त्या टोकाला लोंबकळावा तसे.

एवढा ताण नुसते रबर सोसू शकणार नाही. म्हणून दाबाच्या नळीचे तीन थर असतात. तेलाशी टिकणारी आतली नळी, तिच्यावर पोलादी तारांची विणलेली जाळी आणि वर ऊनपाऊस अडविणारे आवरण. आतील थर बहुधा नायट्राइल रबराचा असतो. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगून निकामी होते. ही उणीव भरून काढणारे नायट्राइल रबर १९३०च्या दशकात जर्मनीत तयार झाले. ते नसते तर तेलाच्या दाबावर चालणारी आजची यंत्रे कशी उभी राहिली असती, कोण जाणे.

जाळीच्या विणीत एक सुंदर गणित दडलेले आहे. आतील दाबामुळे नळीच्या भिंतीवर परिघाच्या दिशेने जेवढा ताण येतो, त्याच्या निम्माच लांबीच्या दिशेने येतो. दोन्ही ताण बरोबर पेलावयाचे, तर तारांनी नळीच्या आसाशी सुमारे ५५ अंशांचा कोन केला पाहिजे. याहून कमी-अधिक कोन असल्यास दाब चढताच नळी आखूड होते किंवा लांबते. प्रत्यक्षात चांगली नळीही थोडी बदलतेच. प्रचलित मानकांनुसार ती २ टक्के लांबलेली किंवा ४ टक्के आखडलेली चालते. अर्धा मीटर लांबीच्या नळीत ४ टक्के म्हणजे २ सेंटिमीटर! ताणून बसविलेल्या नळीने हे २ सेंटिमीटर आणावयाचे कोठून? ती आपल्या टोकांशी भांडू लागते. नळीला पीळ पडला तरी हाच घोटाळा होतो. कोन बिघडतो, काही तारांवर भार वाढतो, काहींवर घटतो. म्हणून नळीच्या अंगावर लांबीने छापलेली अक्षरांची ओळ ही केवळ कारखान्याची जाहिरात समजू नये. बसविल्यावर ती ओळ सरळ दिसली तर पीळ नाही; वेलीसारखी वळत गेली तर पीळ आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशी नळी तिच्या नेमल्या दाबाच्या चौपट दाबापर्यंत फुटू नये, असा हिशेब ठेवूनच बनवितात. तेव्हा धडधाकट नळी नुसत्या रोजच्या दाबाने चार महिन्यांत फुटणे जवळजवळ अशक्य आहे. ही चौपटीची शिल्लक कोणीतरी कुरतडीत असले पाहिजे.

कोण, ते फुटलेली नळीच सांगते. म्हणून ती उकिरड्यावर फेकू नये. आवरण एका बाजूने घासून तारा उघड्या पडल्या असतील, तर नळी कशावर तरी घासत होती. वाकविताच ती कडकडून चिरत असेल, तर तिने फार उष्णता सोसली आहे. तापमान दर १० अंशांनी चढले की रबराचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ आडाखा आहे. याउलट नळी मऊ, फुगीर झाली असेल, तर तेल आणि रबर यांचे जमलेले नाही. रेडिएटरच्या पाण्याच्या नळीचा तुकडा परतीच्या मार्गात घालण्याची काटकसर पुष्कळ ठिकाणी दिसते. तो तेलाने फुगतो, आतून त्याची साले सुटतात आणि मार्ग तुंबतो. टाकीत ब्रेकचे तेल ओतणे हा त्याहून मोठा अपराध. त्याने नायट्राइल रबराची दैना होते.

आपल्या ट्रॅक्टरातील नळी यांपैकी कशानेच गेलेली नाही, असे समजू. ती प्रत्येक वेळी सिलिंडरच्या बाजूला, धातूच्या टोपणाला लागूनच फुटते आणि तेथील तारा एकामागून एक तुटलेल्या दिसतात. ही वाकून-वाकून आलेल्या थकव्याची खूण होय. पत्र्याची पट्टी वारंवार वाकविली म्हणजे तुटते, तशी. आता ट्रॅक्टरखाली वाकून पाहावे. पुढील आस मध्यावरील एका जाड पिनेवर डोलतो, त्यामुळे एक चाक सरीत उतरले तरी दुसरे जमीन सोडीत नाही. नळीचे एक टोक सांगाड्यावर आणि दुसरे या डोलणाऱ्या आसावर असते. वीस वर्षांत त्या पिनेचा बुश झिजला की आस डोलतो तेवढ्यावर थांबत नाही; तो मागेपुढेही सरकू लागतो आणि प्रत्येक हिसका नळीच्या टोकाला बसतो. त्यात नवी नळी कापताना माप घेतलेले असते ते सपाट फरशीवर, चाके सरळ ठेवून. शेतात चाक सरीत आणि चक्र शेवटच्या वळणावर असताना तीच नळी तीन-चार सेंटिमीटरांनी तोकडी पडते. दुकानदाराने दिलेली नळी चांगलीच होती. माप खोटे होते आणि बुश गेलेला होता.

दुसरा संशयित म्हणजे सुटका-झडप, कारागिरांचा ‘रिलीफ व्हाल्व’. चाके पूर्ण वळल्यावरही चक्र रेटून धरले तर तेलाला जावयास वाट उरत नाही. तेव्हा ही झडप उघडून दाब मर्यादेत राखते. सुकाणू जड वाटते म्हणून कोणी तिची स्प्रिंग आवळली, तर दाब मुकाट्याने वाढतो. मर्यादा ठीक असतानाही चक्र रेटून धरणे वाईटच. पंप मिनिटाला १० लिटर तेल १०० किलोग्रॅम दाबाने झडपेतून ढकलीत असेल, तर १.६ किलोवॉट शक्ती निव्वळ तेल तापविण्यात जाते. घरात पाणी तापवावयाची विजेची सळई तेलाच्या टाकीत बुडवून ठेवल्यासारखेच हे आहे. दाबमापक जोडून झडप तपासणे हे काही मिनिटांचे काम. ते न करता नळ्या बदलीत राहणे महागात पडते.

गळती शोधताना बोट कधीही फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार हातमोजा आणि कातडी भेदून मांसात शिरते. बाहेर केवळ टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि दुखतही नाही, म्हणून माणूस कामाला लागतो. काही तासांत हात सुजतो आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. असा ठिपका दिसताच, दुखो वा न दुखो, तडक रुग्णालय गाठावे आणि तेल शिरल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती पाहण्यास पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. तेलाचे तुषार तापलेल्या धुराड्यावर पडून पेट घेतात, हेही विसरू नये.

नवी नळी घेताना तिच्यावरील तारीख वाचावी. जुन्या नमुन्याच्या ट्रॅक्टराचे सुटे भाग दुकानात वर्षानुवर्षे पडून असतात आणि रबर फळीवरही म्हातारे होते. नळी स्थानिक दुकानात बनवून घेतली, तर टोपण त्याच जातीच्या नळीचे असावे आणि कापताना आत गेलेली धूळ धुऊन काढलेली असावी. नाहीतर ती झडपेत जाऊन बसते. दाबाच्या नळीला क्लिपा आवळून जोड देणे हा उपाय नव्हे. एकपदरी जाळीच्या १० मिलिमीटर नळीला सुमारे १३ सेंटिमीटर त्रिज्येहून लहान वळण देऊ नये.

माप मात्र असे घ्यावे. आधी बुश बदलावा. मग मागील चाकांना अटकाव लावून पुढील एक चाक भक्कम ठोकळ्यावर चढवावे, एंजिन बंद करावे आणि नळीच्या दोन टोकांमधील अंतर चाके पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळलेली असताना दोरीने मोजावे. दुसरे चाक चढवून पुन्हा मोजावे. या चारांतील सर्वांत मोठ्या अंतरात आखडण्याचे ४ टक्के आणि टोकांजवळील वळणाची लांबी मिळवावी. नळी बसल्यावर एंजिन मंद ठेवून चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा सावकाश फिरवावे, म्हणजे अडकलेली हवा टाकीत येऊन फेसाच्या रूपाने निघून जाते. फेस बसला की तेलाची पातळी पाहून उणे असेल तेवढे भरावे आणि एक दिवस काम झाल्यावर टोपणांच्या बुडाशी ओल दिसते का, ते पुठ्ठा धरून पाहावे.