शास्त्रज्ञांना खेळायला बोलावताना

झाशीतल्या एका मुलाला संगणकावरचा अंतराळयानाचा खेळ डॉ. जयंत नारळीकरांना दाखवायचा होता. आमंत्रण पोहोचायला उशीर झाला होता. पण त्या निमित्ताने घरात जे घडले, ते मुलांच्या खेळाकडे त्रासिकपणे पाहणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी वाचावे असे आहे.

२०२५ च्या दिवाळीत मी ताईकडे झाशीला गेले होते. नेवाळकरांच्या काळापासून या गावात मराठी घरे आहेत. ताईच्या घरात बोलणे अर्धे मराठी, अर्धे हिंदी. पण आजीच्या कपाटात नारळीकरांची पुस्तके अजून जपून ठेवलेली. नववीतल्या भाच्याने ती नुकतीच वाचून काढली होती.

फराळाचे ताट समोर येताच त्याने माझ्या हातात एक कागद ठेवला. ‘‘मावशी, शुद्धलेखन तपासून दे ना.’’

कागदावर लिहिले होते, ‘आदरणीय नारळीकर सर, आमच्या घरी या आणि माझा खेळ खेळून बघा. तुम्हाला नक्की आवडेल.’

मी ताईकडे पाहिले. डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे आता कोणाला बोलवायचं?’’

खेळ आहे तरी काय?

खेळाचे नाव ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. मेक्सिकोतल्या फेलिपे फलांगे या तरुणाने तो रचला आणि २०११ मध्ये तो लोकांपुढे आला. लहानपणी फलांगे आतषबाजीच्या बाणांना पत्र्याचे चिमुकले पुतळे बांधून उडवीत असे. त्या पुतळ्यांचेच नाव खेळाला मिळाले. आपल्याकडच्या दिवाळीतल्या पोरांना हे सांगायला नको!

यात गोळीबार नाही, राक्षस नाहीत. टाक्या, इंजिने जोडून स्वतः रॉकेट बनवायचे आणि उडवायचे. इंधन जास्त घेतले तर वजन वाढते, कमी घेतले तर यान मध्येच कोसळते. नुसते सरळ वर जाऊन भागत नाही, आडवा वेग मिळाला तरच यान ग्रहाभोवती फिरत राहते. पुढे गेलेल्या यानाला गाठायचे असेल तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत यावे लागते, कारण खालची फेरी लवकर पुरी होते. अमेरिकेच्या ‘नासा’ने २०१४ मध्ये या खेळाच्या निर्मात्यांशी सहकार्य केले होते.

भाच्याची सतरा याने चंद्रावर आपटली होती. ‘‘आपल्या चंद्रयान-२ चं लँडर पण २०१९ मध्ये आपटलंच की,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणून तर २०२३ मध्ये तिसरं नीट उतरलं.’’

सहीऐवजी प्रश्न

मी त्याला नारळीकरांची एक सवय सांगितली. शाळकरी मुले सही मागायला आली की ते म्हणत, ‘पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर आणि सही दोन्ही मिळेल.’ कोल्हापुरात जन्मलेले, वडील हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत म्हणून बनारसमध्ये वाढलेले, पुढे केंब्रिजमध्ये नाव कमावून १९७२ मध्ये भारतात परतलेले आणि पुण्याच्या ‘आयुका’चे पहिले संचालक झालेले हे शास्त्रज्ञ मुलांच्या प्रश्नासाठी वेळ काढीत असत.

‘‘तुझ्या पत्रात प्रश्न कुठे आहे?’’ मी विचारले. ‘‘खेळायला या, एवढंच लिहिलंयस. तुझा खेळ कुठे खरा आणि कुठे खोटा, ते तू शोधलंस का?’’

सोन्याहून जड ग्रह

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन बसला. खेळातल्या ग्रहाची माहिती पडद्यावर मिळते. त्याची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, तर पृथ्वीची ६,३७१ किलोमीटर. पण गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच! हे कसे?

त्याने नववीच्या पुस्तकातले सूत्र काढले, बाबांना मदतीला बोलावले. त्रिज्या दहापटीहून कमी असूनही ओढ तेवढीच हवी, तर ग्रह पृथ्वीच्या दहापटीहून अधिक घन असला पाहिजे. म्हणजे पाण्याच्या सुमारे ५८ पट. सोने पाण्याच्या १९ पट जड असते. असा ग्रह सोन्याचा असून भागणार नाही!

खेळ रचणाऱ्यांनी असे का केले असावे, हेही त्याच्याच ध्यानात आले. खऱ्या पृथ्वीभोवती जवळच्या कक्षेत फिरायला सेकंदाला ७.८ किलोमीटर वेग लागतो, खेळात सव्वादोन किलोमीटर पुरतो. त्यामुळे यान काही मिनिटांतच कक्षेत पोहोचते आणि खेळणारा कंटाळत नाही.

रात्री उशिरापर्यंत बापलेक हिशेब करीत होते. ‘‘एरवी याला संगणकापासून उठवायला ओरडावं लागतं,’’ ताई म्हणाली. ‘‘आज जेवायला दोघांना ओरडावं लागलं.’’

आईवडिलांनी काय करावे?

वेळेची मर्यादा हवीच. पण मूल काय खेळते हे कधीतरी शेजारी बसून पाहा. ‘किती गुण झाले?’ याऐवजी ‘यान का पडलं?’ असे विचारा. खेळाशेजारी वही ठेवायला सांगा. उत्तर तुम्हाला आले नाही तरी बिघडत नाही. दोघे मिळून शोधा. जवळच्या महाविद्यालयातल्या एखाद्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारा. मोठी माणसे उत्सुक मुलाला सहसा नाही म्हणत नाहीत.

मी निघायच्या सकाळी भाच्याने ‘आयुका’च्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहिले. ‘पाण्याच्या ५८ पट जड ग्रह खरोखर असू शकतो का? नसेल, तर का नाही?’ खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत त्याने एक ओळ वाढवली, ‘झाशीला आलात तर खेळायलाही या.’

स्टेशनवर जाताना रिक्षा थांबवून आम्ही दोघांनी ते पेटीत टाकले. शुद्धलेखन तपासायचे मात्र राहूनच गेले.