घरीं करावयाची पौष्टिक वडी

मधल्या सुटींतील भूक विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. हल्लीं या भुकेसाठीं बाजारांत ‘ग्रॅनोला बार’ नांवाच्या वड्या चकचकीत वेष्टनांत मिळतात. ग्रॅनोलाचा मूळ पदार्थ न्यूयॉर्क राज्यांतील डॅन्सव्हिल येथें जेम्स केलेब जॅक्सन यांनीं १८६३ सालीं तयार केला. तो इतका कठीण असे कीं रात्रभर भिजविल्यावांचून खातां येत नसे. आमच्याकडे धान्य, दाणे व गूळ यांची वडी करण्याची रीत घरोघर आहेच. तीच नीट समजून घेऊन करावी, असें आम्हांस वाटतें.

साहित्य असें घ्यावें : शेंगदाणे १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ३० ग्रॅम, चिक्कीचा गूळ १५० ग्रॅम आणि तूप एक लहान चमचा.

वडी चांगली होणार कीं नाहीं, हें बरेचसें सुपांतच ठरतें. बुरसलेले, काळवंडलेले व सुरकुतलेले शेंगदाणे काढून टाकावे. त्यांवरील बुरशी अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष निर्माण करूं शकते; तें यकृतास घातक असून भाजल्यानें पूर्णपणें नाहींसें होत नाहीं. १९६० सालीं इंग्लंडांत सुमारें एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हां त्यांच्या खाद्यांतील शेंगदाण्याच्या पेंडीचा तपास करतां करतां या विषाचा शोध लागला. मूठभर दाण्यांच्या काटकसरीसाठीं हा धोका कोणीं पत्करावा ?

सर्व जिन्नस एकत्र भाजूं नयेत. शेंगदाण्यांस मंद आंच व वेळ लागतो. तीळ मात्र तडतडूं लागतांच उतरावे. दाणे निवाले म्हणजे चोळून सालें पाखडावीं व फाका कराव्या. लाह्या चाळून घ्याव्या, म्हणजे न फुटलेला राजगिरा दांतांखालीं येत नाहीं.

आतां पाक. जाड बुडाच्या कढईंत तूप व गूळ घालून मंद आंचेवर सारखें ढवळावें. जसजसें गुळांतील पाणी आटतें, तसतसा पाक अधिक तापतो व निवल्यावर अधिक कठीण होतो. त्याचा थेंब थंड पाण्यांत टाकून पाहावा. चिकट ओढला गेला तर पाक कच्चा. टक् आवाज होऊन मोडला तर तयार. कच्च्या पाकाची वडी दांतांस चिकटते, फार पुढें गेलेला पाक कडवट लागतो. कढई उतरवून सर्व जिन्नस झटपट मिसळावे, तूप लावलेल्या ताटांत लाटण्यानें सारखे करावे आणि गरम असतांनाच सोळा वड्या पाडाव्या. उकळता पाक फार भाजतो. म्हणून मुलांनीं हें काम वडील माणसांसमक्षच करावें. गूळ हवेंतील ओल शोषतो, यास्तव निवलेल्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवाव्या.

शेंगदाण्यांत सुमारें चौथा हिस्सा प्रथिनें असतात, तिळांत कॅल्शियम विपुल असतें. तथापि गूळ ही मुख्यतः साखरच होय. त्यास औषध मानूं नये. वरून घातलेल्या साखरेची ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दशांशाहून कमी असावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सुचविलें. आमच्या प्रमाणानें एका वडींत सुमारें ९ ग्रॅम गूळ येतो. तेव्हां एक-दोन वड्या पुरे. शेंगदाणा किंवा तीळ कांहीं जणांस मुळींच सोसत नाहीं. डबा पुढें करण्यापूर्वीं तें अवश्य विचारावें.

बाजारच्या वडींत काय व किती आहे, हें वेष्टनावरील बारीक अक्षरांत शोधावें लागतें. घरच्या वडीचा हिशेब आपल्याच हातीं असतो, आणि हाच तिचा मोठा गुण होय.