दुर्मिळ नाणीं व भांडवल

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील जुन्या घरांतून शिवराया, कंपनी सरकारचे पैसे, क्वचित् एखादी मोहोर अशीं नाणीं अद्यापि निघतात. पूर्वीं तीं देव्हाऱ्यांत राहत, नाहीं तर सराफाच्या मुशींत जात. हल्लीं तिसरी एक वाट निघाली आहे. जुनें नाणें म्हणजे आपोआप वाढणारें भांडवल. आज घ्यावें, दहा वर्षांनीं विकावें, असा समज पसरून केवळ नफ्याच्या आशेनें नाणीं घेणारा एक वर्ग उत्पन्न झाला आहे. नाण्यांचा क्रयविक्रय निंद्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या कित्येक मान्य संग्रहांचा पाया विकत घेतलेल्या नाण्यांवरच आहे. परंतु या दृष्टीनें नाणें घेणाऱ्याचें द्रव्य कसें धोक्यांत येतें आणि त्याबरोबरच इतिहासाचें साधन कसें नष्ट होतें, हें एकत्र पाहणें अवश्य आहे. कारण, आमच्या मतें, दोन्ही हानींचें मूळ एकच आहे.

प्रथम दुर्मिळतेचा विचार करूं. एखादें नाणें दुर्मिळ आहे याचा अर्थ, आजवर तशीं थोडींच नाणीं अभ्यासकांच्या नजरेस आलीं आहेत, इतकाच होतो. भूमींत किती आहेत हें कोणास ठाऊक? क्षहरात क्षत्रप नहपान याचीं रुप्याचीं नाणीं विसाव्या शतकाच्या आरंभीं अगदीं थोडीं माहीत होतीं. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें एकाच ठेव्यांत सुमारें १३,२५० नाणीं निघालीं आणि त्यांची दुर्मिळता एका दिवसांत संपली. त्यापूर्वीं केवळ विरळपणावर विसंबून असें नाणें कोणी मोठ्या किंमतीस घेतलें असेल, तर त्याच्या भांडवलाचा आधारच सुटला. मात्र त्याच ठेव्यानें इतिहासास अपूर्व लाभ झाला. रेव्हरंड स्कॉट यांनीं तो समग्र तपासला, तेव्हां त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपलीं चिन्हें पुन्हां ठोकलेलीं आढळलीं. क्षहरातांचा पराभव करून सातवाहनांनीं त्यांचें चलन आपलेंसें केलें, ही गोष्ट हातांत धरून पाहतां येण्याजोगी झाली. हा निष्कर्ष एकट्या नाण्यावरून इतक्या निश्चितपणें निघाला नसता. ठेवा एकत्र मोजला गेला म्हणून निघाला. तोच ठेवा नफ्यासाठीं शंभर हातांत गुपचूप वांटला गेला असता, तर नाणीं उरलीं असतीं, पण प्रमाण नाहींसें झालें असतें.

दुसरा धोका नाणें कोणाचें हें ठरविण्याचा. याचा दाखला उपनगरांच्या भूमींतच आहे. वर सांगितलेलीं चारही गांवें पूर्वींच्या साष्टी बेटांतील. या साष्टींत व मुंबई बेटांत कृष्णराज नांवाच्या राजाचीं रुप्याचीं लहान नाणीं सांपडलीं आहेत. एका बाजूस राजाचें मस्तक, दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी, आणि भोंवतीं राजा परममाहेश्वर व मातापित्यांच्या चरणांचें ध्यान करणारा असल्याचा लेख, असें त्यांचें स्वरूप आहे. एके काळीं हीं नाणीं राष्ट्रकूट कृष्णाचीं मानलीं जात. पुढें म. म. वा. वि. मिराशी यांनीं तीं सहाव्या शतकांतील कलचुरि कृष्णराजाचीं असल्याचें प्रतिपादन केलें, आणि तेंच मत सर्वमान्य झालें. नाण्याची धातु, वजन व अक्षरें जशींच्या तशीं राहून त्याचा काळ मात्र दोन शतकें मागें गेला. असा निर्णय बदलला कीं नाण्याची मागणीही बदलते, आणि ती कोणत्या बाजूस झुकेल हें घेणाऱ्याच्या हातीं नसतें. नाशिकजवळील अंजनेरी येथें मिळालेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटांत, म्हणजे आठव्या शतकाच्या आरंभीं, 'कृष्णराज रूपकां'चा उल्लेख आहे. राजामागें दीडशें वर्षें त्याचें चलन चालू होतें, यावरून हीं नाणीं विपुल पाडलीं गेलीं असावीं असें अनुमान होतें.

तिसरा धोका बनावटीचा. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन, एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशीं अक्षरें असलेला, अत्यंत विरळ आहे. आणि म्हणूनच त्याच्या नकला पुष्कळ आहेत. कांहीं ओतीव असतात; त्यांच्या कडेवर सांध्याची रेघ व पृष्ठावर बारीक छिद्रें दिसतात. कांहीं नव्या ठशानें ठोकलेल्या असतात. त्या ओळखणें जाणत्यासही कठीण जातें. उलट तांब्याची शिवराई मुबलक आहे. ती पेशवाईंतही पाडली जात होती व इंग्रजी अमलांतही कांहीं काळ चालली; तरी हातांत येईल ती शिवराई थेट राज्याभिषेकाच्या वेळची म्हणून विकली जाते. त्यांतच घरोघरीं चिंच व राख लावून नाणें उजळण्याची चाल आहे. त्या घासण्यानें नाण्यावरची जुनी झांक व अक्षरांच्या कडा जातात, आणि संग्राहकाच्या दृष्टीनें त्याचें निम्म्याहून अधिक मोल त्यांबरोबरच जातें.

चौथी गोष्ट व्यवहाराची. नाण्यास व्याज नाहीं, भाडें नाहीं. विक्रेत्याचा घेण्याचा भाव व देण्याचा भाव यांत मोठें अंतर असतें. लिलावांत घेणाऱ्यास बोलीवर आणखी आकार द्यावा लागतो. गरजेच्या वेळीं गिऱ्हाईक मिळेलच असें नाहीं, आणि न मिळाल्यास धातूच्या भावानें मोडण्यावांचून गति राहत नाहीं. शिवाय कायद्याची मर्यादा आहे. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणें जमिनींत दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें खासगी मनुष्यास देशाबाहेर विकण्यासाठीं पाठवितां येत नाहीं. म्हणून परदेशांतील लिलावाचे आंकडे वाचून येथील नाण्याचा भाव बांधणें व्यर्थ होय. या लोभाचा फायदा घेऊन ठकविणारेही आहेत. रिझर्व्ह बँकेचें नांव सांगून जुन्या नोटा व नाणीं यांच्या विक्रीसाठीं शुल्क किंवा दलाली मागितली जाते, असें आढळल्यावरून त्या बँकेनें ता. ४ ऑगस्ट २०२१ रोजीं जाहीर इशारा दिला: आपण असा व्यवहार करीत नाहीं, व तो करण्याचा अधिकार कोणासही दिलेला नाहीं.

आतां दोन्ही हानींचें मूळ काय तें सांगतों. बोरिवलीजवळील कान्हेरीच्या लेण्यांत १८३९ सालीं डॉक्टर बर्ड यांस एक ताम्रपट मिळाला. त्यावर त्रैकूटकांच्या राज्यांतील २४५ हें वर्ष, म्हणजे इ. स. ४९४ चा सुमार, होतें. सिंधुदेशाच्या बुद्धरुचीनें कृष्णगिरीच्या महाविहारांत चैत्य उभारल्याची हकीकत होती. तो ताम्रपट पुढें गहाळ झाला. पण कोठें मिळाला व त्यावर काय होतें हें नोंदलें गेलें होतें, म्हणून त्याची साक्ष आजही चालते. केवळ नफ्यासाठीं फिरणाऱ्या नाण्याची अवस्था याच्या उलट होते. नाणें तिजोरींत सुरक्षित असतें, परंतु तें कोणत्या शेतांत, कोणत्या भांड्यांत, कोणत्या नाण्यांबरोबर निघालें हें विक्रेता लपवितो व घेणारा विचारीत नाहीं. अशा नाण्याची साक्ष गेली. आणि त्याच्या खरेपणाचा एक मोठा पुरावाही त्याबरोबर गेला. तेव्हां इतिहासकारास तें निरुपयोगी आणि धनिकास तें संशयित, अशी त्याची स्थिति होते.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति इतकीच आहे. निर्वाहाचा किंवा मुलांच्या शिक्षणाचा पैसा नाण्यांत घालूं नये. जो गेला तरी चालेल तेवढाच घालावा. पावतीवांचून नाणें घेऊं नये. घेतलेलें धुऊं नये, घासूं नये. त्याचें वजन, व्यास, दोन्ही बाजूंचें चित्र, स्थळ, दिनांक व देणाऱ्यानें सांगितलेली हकीकत एका चिठ्ठीवर लिहून ती नाण्याबरोबरच ठेवावी. ठेवा हातीं आल्यास कायद्याप्रमाणें वर्दी द्यावी, आणि मोजणी होईपर्यंत तो फोडूं नये. कोण्या घरीं वडिलार्जित नाणीं असतील त्यांनीं तीं विकण्यापूर्वीं निदान एकदां अभ्यासकास दाखवून टिपण करून घ्यावें. मग विकावीं कीं राखावीं हा त्यांचा अधिकार आहे. भाव चढो वा उतरो, त्या चिठ्ठीनें नाण्याचें मोल घटणार नाहीं, आणि नाणें परहस्तगत झालें तरी त्याची साक्ष मागें राहील.